राखलेलं खिंडार

करंजटोल्याच्या तलावाची पार फुटली तेव्हा कोणी मेलं नाही, गुरंढोरंही वाहून गेली नाहीत. म्हणून आमगावच्या बाजारात त्या गोष्टीची फारशी चर्चा झाली नाही. छप्पन सालचा आषाढ सरत आला होता. झड लागली होती. सकाळी मोहाच्या झाडाजवळ पारीच्या बांधाची माती आधी खचली, मग सरकली आणि बैलगाडी सहज जाईल एवढं खिंडार पडलं. पाणी घुसलं ते थेट तलावाखालच्या बकारामच्या पहिल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. रोवणी होऊन चार दिवस झाले नव्हते. कोवळं धान माती-वाळूखाली गेलं आणि वर फक्त तांबडा चिखल उरला. बकारामची बायको सुमित्राबाई धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. रोवणीचा चिखल अजून तिच्या नखांतून निघाला नव्हता.

तलाव पूर्वी मालगुजाराचा. पार कुठं झिजली, मोरी कुठं गळली की कोतवाल दवंडी द्यायचा आणि घरटी एक माणूस फावडा घेऊन हजर व्हायचा. मग तो ताटावर बसलेला असो की घरात बायको अडलेली असो. मजुरी नाही, वर शिव्या. लोक माती टाकायचे आणि मनातल्या मनात मालगुजाराच्या सात पिढ्या काढायचे. मग मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. त्या दिवशी गावानं पारीवर गुलाल उधळला. त्यानंतर तिच्यावर मातीची एक टोपली पडली असेल तर शपथ. सरकारचा तलाव सरकार पाहील, हे सगळ्यांना इतकं पटलं होतं की खेकड्यांनी पार पोखरली तरी लोक ते सरकारी खेकडे समजून बाजूनं जायचे.

खिंडार भरणं काही मोठं काम नव्हतं. सगळं गाव उतरलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं. बकारामला घाई होती ती वेगळ्याच कारणानं. पहिली बांधी गेली ती गेली. खालच्या बांध्यांत त्याचं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान होतं, आणि भारी धान पाऊस गेल्यावर निसवतं. तेव्हा तलावाचं एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर नुसता कोंडा. हत्ती नक्षत्राच्या आत पार भरली तर हत्तीचं पाणी तलावात अडणार होतं. त्या पाण्यावर बकाराम, सुमित्राबाई आणि बकारामची म्हातारी आई धुरपताबाई यांचा वर्षाचा भात होता. दुसरं काही नव्हतं.

गावचे कारभारी श्यामलाल पटेल आमगावला जाऊन आले. त्यांच्या ओसरीवर गाव जमलं.

"मेंबरसाहेबाले भेटून आलो," पटेल म्हणाले. मेंबर म्हणजे गुलाबचंदजी, पहिल्या निवडणुकीत या भागानं नागपूरच्या विधानसभेत पाठवलेले. "साहेब म्हनते, खिंडाराले कोनी हात लावू नोका. जसा आहे तसाच राहू द्या. ओव्हरसियर येईल, पायेल, मंग मंजुरी भेटंल. दगडाची पक्की पार बांधून देतो म्हनते."

"अन् तोवर?" बकारामनं विचारलं.

"तोवर काई नाई. आपुन भरून टाकला त सरकार पायेल का? फुटलाच नाई म्हनंल."

हे कोणालाही पटेल असंच होतं. वैद्याला दाखवायचं गळू घरी कोणी फोडतं का? बकारामलाही पटलं. दगडाची पार म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं दगडाची पार उभी राहिली आणि मग मातीची पार फारच गावंढळ दिसू लागली.

श्रावण लागला. ओव्हरसियर आला नाही. मेंबर नागपुरात होते. नागपुरात काय चाललंय ते आमगावहून येणारा न्हावी सांगायचा. एकदा म्हणाला, विदर्भाचं वेगळं राज्य होणार. दुसऱ्यांदा म्हणाला, मुंबईत जाणार. तिसऱ्यांदा म्हणाला, दिल्लीत अडलंय, तिकडचे मोठे लोक एकमेकांशी बोलत नाहीत. राज्य कोणाचं ते ठरेपर्यंत कचेरीत कोणी कागदावर सही करत नाही, असंही म्हणाला. लोक दाढी करून घेता घेता ऐकायचे.

धुरपताबाई दारात बसून रोज विचारायची, "आला का गा मेंबर?"

"नाई, माय."

"मालगुजार बोलवाच्या आधी येत होता," म्हातारी म्हणायची. "मारत होता, पन येत होता."

एके दिवशी बकाराम आणि सुमित्राबाई पहिल्या बांधीतली माती काढायला लागले. माती काढल्याशिवाय पुढच्या वर्षीही तिथं काही येणार नव्हतं. बकाराम फावड्यानं ओढायचा, सुमित्राबाई टोपली डोक्यावर घ्यायची. काढलेली माती टाकायची कुठं? शेजाऱ्याच्या बांधीत तर टाकता येत नाही. ती पारीचीच माती होती. सुमित्राबाईनं पहिली टोपली खिंडाराच्या तोंडाशी रिकामी केली, मग दुसरी, मग तिसरी. कोणी काही ठरवलं नव्हतं. उन्हं चढेपर्यंत खिंडाराच्या एका कडेला गुडघाभर माती झाली आणि ती पाहून बकारामला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

तेवढ्यात कोतवाल शालीकराम आला. त्याच्यामागं पटेल, आणि पटेलांमागं पाच-पंचवीस माणसं.

"थांब गा बकाराम," शालीकराम लांबूनच म्हणाला. लहानपणी दोघांनी याच तलावात म्हशी धुतल्या होत्या. "सरकारी आहे थे."

"मी माही बांधी साफ करून राहिलो."

"माती कोठी टाकून राहिलास थे पाय ना."

मागून कोणीतरी म्हणालं, "याची एक बांधी गेली म्हनून आख्ख्या गावाची दगडाची पार घालवते का हा?"

"माहे धान मरून राहिले, जी," बकाराम पटेलांना म्हणाला.

"आमचे जगून राहिले का?" पटेल म्हणाले. ते खोटं नव्हतं, पटेलांच्या बांध्याही त्याच पाण्यावर होत्या. "सब्र कर थोडा. एवढे दिवस थांबलो, अखीन चार दिवस. शालीकराम, फावडा घे त्याचा. ओसरीत ठेव. मेंबर येऊन गेला का घेऊन जाजो, बकाराम."

शालीकरामनं हात पुढं केला. बकारामनं फावडा लगेच सोडला नाही. तिवसाच्या लाकडाचा दांडा त्याच्या बापानं बसवला होता. मुठीजवळ चिरला तेव्हा बकारामनंच त्याला तांब्याची तार गुंडाळली होती. क्षणभर दोघांचेही हात त्या तारेवर होते. मग बकारामनं सोडला. सुमित्राबाईच्या डोक्यावर भरलेली टोपली होती. ती कुठं रिकामी करावी ते तिला कळेना. सगळ्या माणसांसमोर ती तशीच मान ताठ धरून उभी राहिली आणि शेवटी टोपली तिनं पुन्हा आपल्याच बांधीत उलटी केली. खिंडारात पडलेली माती दोघा पोरसवदा गड्यांनी ओढून काढली. पाहणीला आलेल्या माणसाला खिंडार पुरतं दिसायला हवं होतं.

त्या दिवशी घरी पेज शिजली, पण बकाराम जेवला नाही. सुमित्राबाई म्हणाली, "जेवून घ्या. फावडाच नेला, हात त नाई नेले." तो तरीही जेवला नाही.

पोळा झाला. मेंबर आमगावला येणार असं कळलं तेव्हा पटेल, बकाराम आणि आणखी काही जण पहाटेच निघाले आणि वाघ नदीकडची वाट धरून, चिखल तुडवत स्टेशनात पोचले. तिथं आधीच गर्दी होती. कोणाची विहीर, कोणाची शाळा, कोणाचा पूल. सगळ्यांची कामं सगळ्यांना तोंडपाठ झाली होती, कारण सगळे मागच्या वेळीही इथंच होते. गाडी उशिरा आली. गुलाबचंदजी उतरले तेव्हा त्यांचा घसा बसला होता आणि धोतर चुरगळलं होतं. पटेलांनी झेंडूचा हार घातला. हार भिजलेला असल्यानं त्यांच्या सदऱ्यावर पिवळे डाग पडले.

"मी तुमचाच आहे," गुलाबचंदजी म्हणाले. "पण परिस्थिती समजून घ्या. आधी विदर्भ वेगळा म्हणाले. मग नाही म्हणाले. आता मुंबईचं ठरलं म्हणतात, तरी कोणती फाइल मुंबईला, कोणती भोपाळला, कोणती नागपुरात कुजणार, कौन जाने? आम्ही तिथं बसून हात वर करतो, खाली करतो. दिवाळीनंतर मी कुठला मेंबर, हे मलाच ठाऊक नाही."

"मंग आमी मत कोनाले देल्लो, जी?" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला.

"मलाच दिलंत, बाबा."

"मंग आता मांगू कोनाले?"

गुलाबचंदजींनी घाम पुसला. मग ते हाराची एकेक पाकळी तोडू लागले. लोक हसले. ते हसणं काही चांगलं नव्हतं. एक जण स्टेशनच्या भिंतीवर पचकन थुंकला, कोणाकडे न बघता.

बकाराम पुढं झाला. "साहेब, करंजटोल्याचा खिंडार आमीच भरून घेतो. मंजुरी नाई भेटली त नाई. तुमी फक्त हो म्हना."

"करंजटोला?" गुलाबचंदजींचा चेहरा उजळला. "अरे, तुमच्या खिंडाराचा मी विधानसभेत प्रश्न विचारलाय! मोठ्यानं बोललो मी. करंजटोल्याचा तलाव आजही फुटका पडला आहे, सरकार झोपलं आहे का? आता तुम्ही ते भरलंत तर मी खोटा ठरेन. तेवढं करू नका."

झालं. परतीच्या वाटेवर पटेलांची चाल बदलली. करंजटोल्याचं नाव नागपुरात घेतलं गेलं होतं! आजवर त्या गावाचं नाव जंगलखात्याच्या शिपायाखेरीज कोणी घेतलं नव्हतं. गावात ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी खिंडाराकडं नव्या डोळ्यांनी पाहिलं. पटेलांनी खिंडाराच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून घेतले, गुरं उतरून कडा ढासळू नयेत म्हणून. शालीकराम दिवसातून एकदा फेरी मारून यायचा. फुटलेली पार राखणारं गाव त्या मुलखात दुसरं नसेल.

बकारामला स्टेशनातच राग आला होता. तो रेल्वेफाटकापर्यंत टिकला. पुढं पायात काटा मोडला, तो काढायला बसला, उठला तेव्हा राग कुठं गेला ते त्याला समजलं नाही. छातीत नुसतं जड वाटत होतं, ओलं घोंगडं अंगावर घेतल्यासारखं. पुढचे दिवस ते तसंच राहिलं.

हत्तीचा पाऊस आला तो भरदुपारी. असा पाऊस त्या वर्षी दुसरा झाला नाही. नाले भरून तलावात उतरले, तलाव चढू लागला, आणि चढलेलं पाणी खिंडाराच्या तोंडाशी येऊन वळलं. अर्धं गाव पारीवर जमा झालं. कोणी छत्री, कोणी पळसाच्या पानांचा मोरा, कोणी नुसतंच डोकं. बकाराम आणि सुमित्राबाईही होती. पाणी बांबूंच्या मधून शिस्तीत बाहेर जात होतं. बकारामच्या बांधीवरून नाल्यात, नाल्यातून नदीत.

"आताबी भरला त अर्धा थांबंल," कोणीतरी हळूच म्हणालं.

सगळ्यांनी पटेलांकडं पाहिलं. पटेलांनी आमगावच्या रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर पाऊस होता, दुसरं काही नव्हतं. "नागपुरात नाव गेला आहे," ते म्हणाले.

बकाराम खिंडारात उतरला. हातांनीच माती ओढू लागला. ओली माती बोटांतून निसटायची, पाणी ती लगेच घेऊन जायचं. कोणी त्याला अडवलं नाही, आणि कोणी खालीही उतरलं नाही. सुमित्राबाईनं थोडा वेळ पाहिलं. मग ती उतरली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला वर ओढलं.

"चला घरी," ती म्हणाली. "भिजून का होते."

पाऊस ओसरला, आभाळ निवळलं, आणि सांगितल्यासारखं कडक ऊन पडलं. भारी धान पोटरीत होतं. तलावाच्या मधोमध एक डबकं उरलं होतं. रॉकेलच्या डब्याला दोन्हीकडून दोर बांधून नवरा-बायको समोरासमोर उभे राहायचे, डबा झुलवत डबक्यात बुडवायचे आणि वरच्या चरात पाणी फेकायचे. सकाळी सुरू करायचे ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. पाणी चरातून निघायचं आणि बांधीपर्यंत जाता जाता जमीन ते पिऊन टाकायची. सुमित्राबाईच्या तळव्यांना फोड आले, फुटले, मग तिथं कातडंच जाड झालं. सुरुवातीला दोघं बोलायचे. नंतर डब्याचा आवाज तेवढा असायचा. एके सकाळी डबा चिखल घेऊन वर आला. बकारामनं दोर सोडून दिला. सुमित्राबाईनं आपल्या बाजूचाही सोडला.

धान निसवलं. लोंब्या उभ्याच राहिल्या, वाकल्या नाहीत. भरल्या दाण्याची लोंबी वाकते. बकारामनं एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. तळहातावर काही राहिलं नाही. त्याला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. आलं नाही. उभ्या धानात कडधान्य म्हणून लाखोळी पेरायची तर जमिनीत ओल लागते, तीही नव्हती. त्यानं लाखोळीचं बी घरी परत नेलं आणि पेवात ओतलं.

दिवाळी आणि नवं राज्य एकाच आठवड्यात आली. आणि मेंबरही आले. वेशीत आंब्याच्या पानांची आणि झेंडूच्या माळांची कमान झाली. जीप सरळ पारीपर्यंत गेली. गुलाबचंदजींबरोबर एक ओव्हरसियर होता, त्यानं खिंडारात डोकावून मान हलवली आणि परत जीपमध्ये जाऊन बसला.

"बंधूंनो," गुलाबचंदजी पारीवर उभे राहून म्हणाले. घसा आता चांगला सुटला होता. निवडणूक जवळ आली होती. "आपण आता मुंबई राज्यात आलो. जुनं सगळं नागपुरात राहिलं. नव्या राज्यात नव्यानं मागावं लागेल, वेळ लागेल. पण मी विचारतो, एवढंसं खिंडार! एवढे तगडे हात! आणि तुम्ही सरकारच्या तोंडाकडं पाहत बसलात? श्रमदान करा. स्वतंत्र देशाची माणसं आहात तुम्ही. आणा एक फावडा, पहिली माती मी टाकतो."

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. धुरपताबाईनंही वाजवली, तिला वाटलं मेंबर आला म्हणजे पाणी आलं.

पटेलांनी शालीकरामला खुणावलं. तो ओसरीकडं पळाला आणि हाताला लागला तो फावडा घेऊन आला. तांब्याची तार उन्हात चमकली. शालीकरामलाही तेव्हाच दिसली. तो मध्येच थांबला, पण मेंबरांनी हात पुढं केला होता.

गुलाबचंदजींनी धोतराचा सोगा खोचला आणि फावडा हाणला. माती वाळून दगड झाली होती. फावडा उसळला. दुसऱ्या घावाला एक ढेकूळ सुटलं, ते त्यांनी खिंडारात लोटलं. टाळ्या झाल्या.

बकाराम गर्दीतून पुढं आला. "द्या जी, साहेब," तो म्हणाला. "माहा फावडा आहे."

"शाबास!" गुलाबचंदजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाहा, असा गडी पाहिजे."

पटेल खाली पाहत होते. बकारामनं फावडा घेतला, दांड्यावरची माती हातानं पुसली, तारेवर अंगठा फिरवला. मग तो खिंडारात न उतरता पारीच्या पलीकडं उतरला आणि आपल्या पहिल्या बांधीत गेला. श्रावणात जिथं थांबवलं होतं तिथूनच त्यानं माती ओढायला सुरुवात केली. वर जीप सुरू झाली, वळली, धूळ उडवत गेली. कमानीखालून जाताना तिनं एक झेंडूची माळ तोडून नेली.

सुमित्राबाई घरी जाऊन टोपली घेऊन आली. बकारामनं ती भरली, दोघांनी उचलली, तिनं डोक्यावर घेतली. पारीवर अजून सगळं गाव उभं होतं, हलत नव्हतं. ती सवयीनं खिंडाराकडं निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. ओझ्याखाली मान वळवता येईना, म्हणून तिनं पाठमोरीच विचारलं,

"आयकता का? कोठी टाकू?"

"टाक ना तिथीच, खिंडारात," बकाराम म्हणाला. "मेंबर पाहून गेला आता."

तिनं टोपली खिंडारात रिकामी केली. तो दुसरी भरायला लागला.